अंतोनीचं पोर

मंगळवारी दुपार कलली तसा डोमाजी संत अंतोनीला डोक्यावर घेऊन मिशनच्या चर्चमधून घराकडं निघाला. यवतमाळ मुंबई राज्यात गेलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. दिग्रसच्या अलीकडं नाल्याकाठी ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं होती, आणि दर मंगळवारी अंतोनीची लाकडी मूर्ती त्यातल्या एका घरी मुक्कामाला जायची. हरवलेलं शोधून देणारा संत. कोणाची शेळी, कोणाची नथ. लोकांचा फार जीव त्याच्यावर. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं आपल्या घरी खुशाल बसावं.

डोमाजीचं बाप्तिस्म्याचं नाव दोमिनिक. ते फक्त फादरच्या तोंडी. गावाला तेवढी फुरसत नव्हती.

वाटेत नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरचा बाबूसिंग रिकामी बैलगाडी घेऊन भेटला.

"काय डोमाजी, आज कोनाले डोक्शावर बसवलं?"

"पाव्हणा हाये. तुह्यावानी फुकट जेवत नाही, काम करते."

"मंग माह्या बैलाचं घुंगरू शोधाले सांग की!"

"पहिले तुही अक्कल सापडू दे बे."

बाबूसिंग हसत हसत गेला. दोघांची दोस्ती अशीच, शिव्यांवर पोसलेली.

घरी पंचफुलानं अंगण सारवून ठेवलं होतं. नवऱ्याच्या डोक्यावरून मूर्ती उतरवून तिनं स्टुलावर ठेवली, झेंडूचा हार घातला. तपकिरी झगा, मधोमध भादरलेलं डोकं, डाव्या हातावर बाळ येशू. बाळ वेगळं घडवलेलं, हातावरच्या खुंटीत बसवलेलं.

"मिशनच्या दवाखान्यातली गोव्याची सिस्टर सांगत होती," पंचफुला म्हणाली, "तिच्या गावाकडं काही हरवलं का लोक अंतोनीचं बाळ काढून लपवतेत. माहं आन, मंग तुहं घे, असं म्हणतेत."

"संताले दम देतेत?" डोमाजी खूश झाला. "हे बरं हाये."

"पन वस्तू भेटली का त्याच घडीले बाळ परत द्या लागते. तिनं हे दोनदा सांगतलं."

तेवढ्यात सून प्रभावती दारात आली. कापूस वेचायला गेलेली बाई, आणि ओटी रिकामी.

"मामाजी… नलू…"

नात नलू चार वर्षांची. शेताच्या धुऱ्यावर, वेचलेल्या कापसाच्या ढिगावर निजली होती. प्रभावती वेचणीची ओळ संपवून परत आली तर कापसात पोरीच्या अंगाएवढा खळगा, आणि पोर नाही.

सारी वस्ती धावली. प्रत्येक जण पहिल्यांदा विहिरीत डोकावून आला आणि कोणी कोणाला ते सांगितलं नाही. मग नाला पाहिला, कपाशीच्या पळाट्या धुंडाळल्या. सूर्य बुडाला. ओल्या पळाट्यांचा कडवट वास उठला आणि शेतभर पांढरी बोंडं तेवढी दिसत राहिली. प्रत्येक बोंड लांबून पोरीच्या झग्यासारखं वाटे. जवळ जावं तर कापूस. हाक मारली की ती शेतात बुडून जायची, परत यायची नाही. नाल्यापलीकडं लांडगं हिंडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डोमाजी तसाच घरी आला. अंतोनीपुढं उभा राहिला. प्रार्थना त्याला येत नव्हती असं नाही, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"पाव्हणा म्हणून आणलं तुले! अन् माह्याच घरचं पोट्टं जाते?"

त्यानं बाळ खुंटीवरून उपसलं आणि ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून पुरलं.

"माहं आन. मंग तुहं घे."

हात झटकून तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला, आणि घटकाभरानं तांड्याकडून नगारा ऐकू आला. बाबूसिंग नलूला खांद्यावर बसवून येत होता आणि मागून अख्खा तांडा. पोरगी तांड्यावरच्या भुरीबाईच्या अंगणात खाटेवर बसून गूळ खात होती म्हणे. नाल्याला गुडघाभर पाणी, आणि पोरीचे पाय कोरडे.

प्रभावतीनं तिला उराशी धरलं ती सोडेचना. भुरीबाईनं विचारलं, "कोनं आणलं व तुले?"

"बाबानं. तपकिरी लुगडं नेसलेल्या."

सगळे खदखदून हसले. "बाबा लुगडं नेसते का व?"

"त्यानं कडेवर घेतलं मले. म्हणे, चाल, माहा हात आज रिकामाच हाये."

यावर आणखी हशा झाला. आनंदात माणसाला कान नसतात. पंचफुलानं सांज्याला रवा भाजायला घेतला, भुरीबाई नगाऱ्यावर नाचली, अंतोनीबाबाचा जयजयकार झाला. त्यात तांड्यावरच्यांचा आवाज सगळ्यात मोठा. उभ्या जन्मात कोणाला बरं न म्हणणारा डोमाजी बाबूसिंगच्या गळ्यात हात टाकून नाचला. बाळ कणगीत राहिलं.

सांजा ताटांत पडत होता, तेव्हा पहिल्यांदा ते ऐकू आलं.

बारीक रडणं. तान्ह्याचं.

भुरीबाईनं इकडं तिकडं पाहिलं. "कोनाचं लेकरू रडून राह्यलं?"

त्या घोळक्यात तान्हं कोणाचंच नव्हतं. नगारा थांबला. रडणं घरातून येत होतं, कशाखाली तरी दबलेलं.

"मांजर असन," डोमाजी म्हणाला.

अंगणातला कुत्रा शेपूट घालून बैलगाडीखाली शिरला. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास आला, चर्चचं दार उघडल्यावर येतो तसा. आईच्या मांडीवरची नलू उठून उभी राहिली. तिनं उजवा हात वर केला. कोणी उंच माणसानं बोट धरलं की लेकरू करतं तसा.

"बाबा आला," ती म्हणाली.

अंगणाच्या तोंडाशी कोणीच नव्हतं.

"काय… काय म्हणते तो?" पंचफुलानं विचारलं.

"म्हणे… माहं देत नाही ना… मंग तूच चाल…"

आणि ती चालू लागली. प्रभावतीनं दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. पोरीचं वजन ते केवढं! पण आई मातीवरून फरफटत तिच्या मागं जाऊ लागली.

"अवो, बाळ!" पंचफुला ओरडली. "बाळ देल्लं नाही तुमी!"

डोमाजी कणगीवर पडला. हिवाळ्यातली ज्वारी थंडगार असायला हवी; ती कोमट होती. कोपरापर्यंत हात गेला, काही नाही. खांद्यापर्यंत गेला, तरी नाही. रडणं आणखी खालून येत होतं. त्यानं तोंड ज्वारीत खुपसून हात लांब केला… आणि खालून कोणीतरी त्याचं बोट मुठीत धरलं. इवली, ओली मूठ.

त्यानं डोळे मिटून ओढलं. हातात आलं ते लाकूडच.

"घे बाबा… घे तुहं… चुकलो…" त्यानं बाळ खुंटीवर बसवलं.

नलूचा वर केलेला हात खाली पडला. प्रभावती तिला घेऊन मागं कोसळली.

"गेला," नलू म्हणाली आणि जांभई दिली. "आबाजी, मले सांजा."

मग बाबूसिंगनं दबकत विचारलं, "वाजवू का?"

"वाजव बे! तुले बंद कर म्हणलं कोनं?" डोमाजी खेकसला, आणि रडता रडता हसला. सांजा संपेतो नगारा वाजला. असा मंगळवार त्या वस्तीत पुन्हा झाला नाही. नलू आजीच्या मांडीवर, ताट तिच्या मांडीवर, आणि सगळ्यांची बोटं तिच्या ताटात.

सकाळी मूर्ती उचलताना डोमाजीनं पाहिलं. बाळाचं तोंड लोकांकडं असायचं, हात पसरलेले. आता ते अंतोनीकडं वळून त्याच्या गळ्यात पडलं होतं, तोंड मानेत खुपसून. खुंटी चौकोनी. घट्ट बसलेली. फिरवली तरी फिरेना.

फादर म्हणाला, थंडीनं लाकूड आखडतं. आखडत असेल. पण अंतोनीच्या मानेवर जिथं ती इवली बोटं आहेत, तिथं लाकूड दबलं आहे, मांस दबावं तसं. आणि मूर्तीच्या मुक्कामाची पाळी डोमाजीच्या घराची आली, की दुसऱ्या दिवशी ती बोटं आणखी थोडी रुतलेली असतात.