चौकटीत एकच चेहरा

ज्या वर्षी आमच्या बँकेने कार्डं बंद केली, त्या वर्षी मी घरोघरी जाऊन लोकांचे चेहरे नोंदवत होते. काम सोपं होतं. ज्यांना शाखेत येणं जमत नाही अशा म्हाताऱ्या खातेदारांच्या घरी जायचं, टॅबवर चेहरा घ्यायचा, तो त्यांच्या फोनला जोडून द्यायचा आणि जुनं कार्ड त्यांच्यासमोर कापून पाकिटात भरायचं. यापुढे खातं चेहरा बघून उघडणार होतं. कार्ड सांभाळायला नको, चार आकडे लक्षात ठेवायला नकोत. पिशवीत कात्री कायम, म्हणून ऑफिसात मला कात्रीच म्हणायचे. "कात्री आली का?" असं साहेबसुद्धा विचारायचे. दिवसाला दहा घरं करावी लागत. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. त्या दिवशी ते माझं आठवं घर होतं, एवढंच.

चौथा मजला, लिफ्ट बंद. दुपारचे तीन वाजले होते. घरात दोघीच राहत होत्या, नणंद आणि भावजय, दोघीही सत्तरीच्या पुढच्या. नणंद बिनलग्नाची, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. खातं भावजयीचं होतं. तिचे यजमान शाळा तपासनीस होते. ते अकरा वर्षांपूर्वी वारले, आणि त्यांच्या मागे मिळणारी पेन्शन या खात्यात जमा होत होती. मी भावजयीला काकू म्हटलं आणि नणंदेला आत्या. दोघींनाही ते चाललं.

काकूंनी कार्ड रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. रुमाल सोडला, पण कार्ड हातातून सोडेनात.

"हे कापायलाच हवं का गं?"

"नियम आहे, काकू. तसंही पहिल्या तारखेपासून ते चालणार नाही."

"हे होते तोवर मी बँकेची पायरी चढले नव्हते," काकू म्हणाल्या. "पैसे लागले की कारण लिहून द्यायचं. चिठ्ठीवर. पंचवीस रुपये मागायला पाव पान."

"माझा भाऊ वाईट नव्हता," आत्या हळूच म्हणाल्या. "फक्त त्याला कारण लागायचं."

"ते गेले आणि महिन्याभराने आम्ही दोघी मशीनवर गेलो. ही बाहेर राखणीला उभी. मी आत जाऊन चार आकडे दाबले, तर नोटा बाहेर. कशाला हव्यात म्हणून कुणी विचारलं नाही. मग दोघींनी रस्त्यात उभ्याउभ्या आइस्क्रीम खाल्लं. आठवडाभर घसा धरला होता माझा." एवढं सांगून त्या हसल्या आणि कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

खिडकीपाशी हातांची एक जुनी खुर्ची होती. उजेड तिथेच बरा होता, म्हणून मी काकूंना तिच्यावर बसवलं आणि समोरच्या टेबलावर टॅब उभा केला. पडद्यावर लांबट गोल चौकट आली. चौकटीत काकूंचा चेहरा नीट बसला होता. खाली अक्षरं उमटली : *चौकटीत एकच चेहरा हवा.*

असं होतं कधीकधी. मागे कॅलेंडर असतं, देवाची तसबीर असते, मशीन त्यालाच चेहरा समजतं. इथे भिंतीवर तपासनिसांचा फोटो होता. तो मी काढला आणि आतल्या खोलीत पलंगावर पालथा ठेवला. परत तेच वाक्य. आत्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. पडदा ओढला. काच पुसली.

*चौकटीत एकच चेहरा हवा.*

खोलीत बाम चोळल्याचा वास येत होता. डोकं दुखताना कपाळाला लावतात तो. आल्यापासून येत होता की तेव्हाच यायला लागला, ते मला आठवत नाही.

"काकू, जरा उठता का? पहिल्यापासून करू."

काकू गुडघे धरत उठल्या आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या. खुर्ची रिकामी होती. मी टॅबला अजून हातही लावला नव्हता. चौकट हिरवी झाली.

*चेहरा नोंदला. पुढे जा.*

मशीन सावकाश चालतं, आधीचाच चेहरा आत्ता नोंदला असेल, असं मी मनाला सांगितलं. नोंद रद्द केली असती तर तीन पानांचा अहवाल लिहावा लागला असता आणि पुन्हा एक फेरी. अजून दोन घरं बाकी होती. नोंदीसोबत छोटा फोटो येतो, तो मी पाहिला. पाहिला नाही असं म्हणणार नाही. त्यात खुर्चीची पाठ होती आणि पडदा.

मी 'पुढे' दाबलं.

काकू परत येऊन खुर्चीवर बसल्या. त्यांच्या हातात फोन दिला, खातं उघडलं. म्हणजे सगळं ठीक. कार्डाचे चार तुकडे केले, सही घेतली, पाणी पिऊन निघाले.

दहा दिवसांनी काकूंचा फोन आला.

"अगं, हे माझ्याने उघडत नाही."

"उजेडात धरा, काकू."

"सगळीकडे धरून पाहिलं. गच्चीवरसुद्धा जाऊन आले." मग त्या म्हणाल्या, "तू येऊन बघशील का... फोनवर नको."

मी गेले तेव्हा दोघी बाहेरच्या खोलीत होत्या, पण खिडकीपाशी कुणी बसलं नव्हतं. दोघीही भिंतीला लागून ठेवलेल्या पलंगावर, एकमेकींना चिकटून. बामाचा वास दारातच आला. दोघींपैकी कुणी बाम लावत नाही, हे आत्यांनी मी न विचारताच सांगितलं.

"दाखव तिला," आत्या म्हणाल्या.

काकू उठल्या. रिकाम्या खुर्चीपासून दोन हातांवर उभ्या राहिल्या आणि फोनचा पडदा खुर्चीकडे करून धरला. शाळेत पाटी दाखवतात तसा.

"चष्म्याची काच बदलायची आहे," काकू म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

फोन थरथरला. *चेहरा जुळला नाही.*

"आहे त्या चष्म्याने औषधांची नावं वाचता येत नाहीत. परवा रात्रीची गोळी सकाळी घेतली."

थोडा वेळ गेला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढाच आवाज. मग फोन उघडला. काकूंनी चटकन चष्म्याच्या दुकानाचे पैसे भरले. हाताला सराव झालेला दिसत होता.

"अजून एक आहे," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "बहिणीच्या नातीचं लग्न आहे. काहीतरी द्यायला हवं... मी तिला अंगाखांद्यावर खेळवलंय."

फोन बंद झाला. काकूंनी तो पुन्हा धरला. पडद्यावर आता वेगळं वाक्य होतं. ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

*चेहरा फार जवळ आहे. थोडे मागे घ्या.*

"पहिले काही दिवस चेहरा दूर असल्याचं लिहून यायचं," आत्या म्हणाल्या. "मग तिला फोन खुर्चीच्या अगदी पाठीला टेकवावा लागायचा. आता बघ."

काकू मागे सरकल्या. मीही सरकले. फोनमधलं वाक्य तसंच राहिलं.

मी नोंद रद्द करायचा प्रयत्न तिथेच केला. अर्ज भरला, कारण लिहिलं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की नोंद रद्द करण्यासाठी नोंदलेल्या चेहऱ्याची संमती लागेल. टॅब खुर्चीसमोर धरला. संमती मिळाली नाही.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. सगळं नाही, जेवढं सांगता येईल तेवढं.

"चेहरा जुळतोय ना?" साहेबांनी विचारलं.

"जुळतोय."

"पैसे निघतायत?"

"निघतायत... कधीकधी."

"मग तक्रार कसली, कात्री? माझ्या घरी तर कधीच निघत नाहीत." ते हसले. आजूबाजूचेही हसले. मी मात्र काकूंच्या सहीचा कागद काढून बघत बसले. त्याखाली माझी सही होती.

त्यानंतर मी त्यांच्याकडे दोनदा गेले, कामाशिवाय. दुसऱ्या वेळी काकू बारीक झालेल्या दिसल्या. रोज दुपारी तीनला त्या खुर्चीसमोर उभ्या राहत. काय हवंय आणि कशाला, ते आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून ठेवत, म्हणजे अडखळायला नको. टेबलावर तशा चिठ्ठ्यांची चळत होती. अक्षर सुंदर, शाळेतल्या मुलीसारखं. कुठे कुठे लाल शाईने रेघ मारलेली होती. लाल पेन घरात नाही, एवढंच काकू म्हणाल्या.

निर्णय आत्यांनी घेतला. मला वाटलं होतं, त्या भावाची बाजू घेतील.

"मी त्याला जन्मापासून ओळखते," त्या काकूंना म्हणाल्या. "मीच थोरली. तो ऐकायचा नाही. आपण निघू."

"पेन्शन?"

"राहू दे त्याला. माझी आहे. दोघींना पुरेल."

"आणि हे घर?"

"घर त्याचंच होतं गं. आपण नुसत्या राहत होतो."

काकू उठल्या. मग पलंगाखालून बॅग ओढली.

त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, भाड्याने. फोन त्यांनी खुर्चीवरच ठेवला आणि दाराला कुलूप लावलं. काकूंचं नवं खातं आत्यांच्या बँकेत उघडलं. मी सोबत गेले होते. तिथेही चेहराच घेतला. मी कॅमेऱ्याकडे न बघता काकूंच्या हाताकडे बघत होते. पहिल्याच खेपेला चौकट हिरवी झाली, आणि फोटोत काकू होत्या, एकट्या, जरा घाबरलेल्या. बाहेर आल्यावर मीच दोघींना आइस्क्रीम खायचं का विचारलं. काकू म्हणाल्या, "थंडी आहे." त्या दिवशी थंडी नव्हती.

नव्या घराचा पत्ता त्यांनी नात्यात कुणालाही दिला नाही. नव्या बँकेतही आत्यांच्या ऑफिसातल्या एका जुन्या मैत्रिणीचा पत्ता लावला. खोली फक्त मला माहीत होती, आणि मी तो पत्ता कुठेही लिहून ठेवला नाही, फोनमध्येसुद्धा नाही.

त्याला पाच महिने झाले. घरोघरी जायचं काम संपलं, कारण नोंदवायचे चेहरेच उरले नाहीत. आता मी शाखेत बसते आणि आलेले अर्ज तपासते. काकूंचं जुनं खातं मी मधूनमधून बघायचे. बघायला नको होतं, पण बघायचे. त्यात पेन्शन जमा होत होती. त्या बंद घराचं वीजबिल दर महिन्याच्या दोन तारखेला भरलं जात होतं. बाकी काही नाही.

मागच्या मंगळवारी दुपारी माझ्या पडद्यावर त्याच खात्याचा एक अर्ज आला. पत्ता बदलण्याचा. चेहरा जुळला असल्याची हिरवी खूण होती. नवा पत्ता वाचला आणि मी आत्यांना फोन लावला.

"आम्ही बऱ्या आहोत," आत्या म्हणाल्या. "हिची झोप सुधारली. जेवतेही बरी." मग आवाज आणखी खाली गेला. "फक्त बाजारात जायला निघाली की दारात थांबते. काय आणायचंय, कशाला आणायचंय, सगळं सांगते आणि मग जाते. आधी मला वाटायचं, मलाच सांगते... का गं, काही काम होतं?"

"नाही, आत्या. सहज केला."

फोन ठेवला. पत्ता बदलताना अर्जासोबत नव्या घराच्या दाराचा फोटो लागतो, पाटी किंवा क्रमांक दिसेल असा. तो मी अजून उघडला नव्हता. उघडला. हिरवा रंग, वरच्या कोपऱ्यात पोपडा. खोली पाहायला मीच त्यांच्याबरोबर गेले होते, त्यामुळे दार लगेच ओळखलं. पण पाटी नव्हती, क्रमांकही नव्हता. बाजूच्या खुंटीवर आत्यांची कापडी पिशवी लटकत होती आणि खाली दोघींच्या चपला होत्या.

फोटो आतून काढलेला होता. कडी लावलेली होती.