रिकाम्या गादीचा थालर

मिरवणुकीत वाल्बुर्गाला शहराच्या गादीवर बसलेले नवे बिशप दिसलेच नाहीत. दिसली एका उंच, परक्या तरुणाची पाठ.

"सरकता का जरा? की तुमची पाठच बघून घरी जाऊ?"

"थांबा हो. नाक बघतोय बिशपांचं," तो मागे न वळताच म्हणाला. "चांदीच्या नाण्यावर, थालरवर कोरायचंय."

मग वळला... आणि नाक पुढे निघून गेलं तरी तिच्याकडेच बघत राहिला.

तो ओस्वाल्ड. तिच्या बाबांच्या टांकसाळीत ठसे कोरायला आलेला. तिथला रिवाज असा, की कारागिराच्या ठशातून नाणं पडेल तेव्हा तो उस्ताद. तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही.

"नाणं पडलं, की त्याच दिवशी बाबांशी बोलतो," ओस्वाल्डने तिला शब्द दिला.

नाक कोरून झालं, आणि बिशप वारले. गेलेल्याच्या नावाचं नाणं पाडत नाहीत, म्हणून ठसा घणाखाली फोडला. दुसरे आले. त्यांची दुहेरी हनुवटी आठ महिने कोरून झाली, आणि तेही गेले.

चौथ्या वर्षी, लिंडनच्या फुलांचा सडा पडला होता तेव्हा, ओस्वाल्ड अंगणात येऊन नुसताच उभा राहिला.

"तिसरेही गेले ना?" वाल्बुर्गाने विचारलं.

"पहाटे. सत्त्याऐंशीचे होते."

"आणि तू त्यांच्या सुरकुत्या एकेक करून कोरत बसलास?"

"खऱ्या होत्या गं..."

"माझ्याही होतील. त्याही कोर मग सावकाश."

"आता नवे निवडले, की—"

"नव्यांचं नाव काढू नकोस. गादी रिकामी असेतो कारभार धर्मगुरूंच्या मंडळाचा. नाणं पाडायचा हक्कही त्यांचाच. त्यावर घोड्यावरचे संत मार्टिन कोर. ते तेराशे वर्षांपूर्वीच गेलेत, पुन्हा जायचे नाहीत."

"मंडळाला विचारावं लागेल..."

"सकाळीच बाबांना पाठवलं होतं. हो म्हणालेत. नवे निवडेपर्यंत तीन आठवडे मिळालेत."

ती रोज येऊन त्याच्या खांद्यावरून डोकावायची. "घोड्याची आयाळ पुरे," म्हणायची. तिचा श्वास मानेला लागला, की त्याची छिन्नी थबकायची... आणि ती आणखीच वैतागायची.

अखेर घण पडला. ओस्वाल्डने चकचकीत थालर उजेडात धरला. "मागचा पाय जरा—"

"ओस्वाल्ड."

त्याने नाणं ठेवलं, हात पुसले, बाबांपुढे गेला. "तुमच्या मुलीला मागणी घालायला आलोय."

"तिला विचारलंस?"

ओस्वाल्ड चार वर्षं बाबांशी बोलायचं ठरवत होता. तिला विचारायचं राहूनच गेलं होतं.

वाल्बुर्गाने कपाळावर हात मारला. तो कानापर्यंत लाल होऊन वळला.

"वाल्बुर्गा... करशील माझ्याशी लग्न?"

"करीन," ती म्हणाली. "पण या रविवारीच. तुझ्या हातात आणखी एक नाक पडायच्या आत."