शेऱ्याचा रकाना

संगमेश्वरच्या कचेरीतल्या फळ्यावर गुरूच्या चंद्रावरची खाण आणि इथलं गोदाम शेजारी शेजारी दिसायचं. सकाळी दहाला तिथली पाळी सुटली की इरावती साळवी गोदामातलं काम बाजूला ठेवून फळ्यासमोर येई आणि नवऱ्याची ओळ वाचे: ओजस साळवी, पाळी पूर्ण, शेरा: येतो. घरातून निघताना तो म्हणायचा तोच शब्द. खासगी निरोपांना कंपनीची मनाई होती, पण शेऱ्याच्या रकान्यात कोण डोकावतंय? मग ती आपल्या ओळीत लिही: वाट बघते.

खरं तर ही दोन ठिकाणं एका फळ्यावर मावणारी नव्हतीच. खाणीची माहिती खाणीतल्या सर्व्हरवर, गोदामाची इथल्या सर्व्हरवर, आणि मधलं अंतर कापायला प्रकाशालाही पाऊण तास लागे. पण मालकांचं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांना अहवाल या क्षणाचा हवा होता. म्हणून डॉ. निशिगंधा भालेराव यांनी ‘पूर्वओळ’ शोधून काढली. समोरची खरी ओळ येईपर्यंत यंत्र जुन्या नोंदींवरून तिचा अंदाज बांधून जागा भरी, आणि खरी आली की अंदाज पुसून टाकी. असा एकेक फळा दोन्ही टोकांना होता.

त्या मंगळवारी डॉ. भालेराव स्वतः गोदामात आल्या.

“इरावतीताई, चौदा महिने तिकडचा दुवा तुटला होता. काल जुळला. कंपनीनं आम्हाला बोलू दिलं नाही.”

“पण मी तर रोज वाचत होते.”

“ते अंदाज होते. साळवी घरी यायच्या आधीच तुम्ही चहा टाकत असाल ना, तसे.”

इरावतीला राग यायला हवा होता, पण आधी भीतीच वाटली. “तो बरा आहे ना?”

“बरे आहेत. पण दुवा तुटल्यानंतरचे पहिले चार महिने सोडले तर त्यांचा शेरा कोरा आहे. त्यांच्या फळ्यावर तुमचाही कोराच होता. दुवा तुटण्याआधी नऊ दिवस तुम्ही काही लिहिलं नव्हतं. यंत्र ताज्या नोंदी धरतं, त्यानं तेच पुढे चालवलं.”

“रुसले होते हो मी. मला न विचारता त्यानं मुदत वाढवून घेतली. दहाव्या दिवशी लिहिलं की मी. म्हटलं, पुरे झालं.”

“दहाव्या दिवसाचं पोचलं नाही.”

नऊ दिवसांचा रुसवा तिकडे चौदा महिने चालला होता. डॉक्टरांनी ओजसची दोन महिन्यांपूर्वीची खरी ओळ दाखवली: परतीचं यान, जागा नको. ते यान गेल्या महिन्यात सुटलं होतं. पुढचं सहा वर्षांनी होतं.

इरावती फळ्याकडे गेली. तिला त्याला पुष्कळ सांगायचं होतं, पण रकाना लहान होता. तिनं लिहिलं: वाट बघते.

बोट उचलायच्या आत शेजारी उमटलं: ओजस साळवी, शेरा: येतो.

त्याचे कोरे शेरे तिच्या कोऱ्या शेऱ्यांपुढचे होते; त्या दोन शब्दांना त्याचं आजवर एकच उत्तर होतं, आणि यंत्राला तेवढंच ठाऊक होतं. त्याचं खरं उत्तर यायला अजून दीड तास होता.

“ही ओळ पुसू नका, डॉक्टर.”

“खरी आली की आपोआप जाते, ताई.”

“मग तोवर राहू द्या,” इरावती म्हणाली, आणि खुर्ची ओढून फळ्यासमोर बसली.