आरशात दिसणारी सीट

पाठीचा एक्स-रे. त्यात काही नाही.

गॅसच्या शेगडीची दोन बटणं, बस ड्रायव्हरच्या खाकी खिशात.

छातीवर पिनेने उलटं लटकवलेलं घड्याळ. बंद पडलेलं.

बसमधला आरसा. त्यात मागचं दार दिसत नाही.

"ढोंगी आहे तो!" डेपो मॅनेजरांचं मत.

हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं काम भिंगबाईंकडे आलं. बाई खासगी तपास करत. भिंग त्यांनी जन्मात हातात धरलं नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं. सोबत नेहमीप्रमाणे निवृत्त कंपाउंडर. मनाने लाख माणूस, डोक्याने जरा सावकाश.

"गाडी चालवताना पाठीच्या मधोमध कळ येते म्हणे," मॅनेजर म्हणाले. "डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि कळ येते कुठे? रोज दवाखान्याच्याच स्टॉपवर! नाटकाला जागा बरी शोधलीय. ढोंग निघालं तर मी त्याला घरी बसवणार. दुखणं खरं निघालं तर ऑफिसात. ते मी त्याला आधीच सांगून बघितलं. नको म्हणाला."

"नको म्हणाला?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"हात जोडून."

मेस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला. "सीट दोनदा बदलली, बाई. स्प्रिंग नवी, गादी नवी. आता काय मांडीवर घेऊन बसू त्याला?"

"आणि आरसा?"

"मी सरळ करतो, तो वाकडा करतो. खाली, आपल्याच मागच्या सीटकडे. म्हणतो, ऊन येतं डोळ्यांवर."

"त्या सीटवर कोण बसतं?" बाईंनी कंडक्टरला विचारलं.

"बसतं कोणी ना कोणी." तो तिकिटाच्या मशीनकडे बघत राहिला. "माणूस सोन्यासारखा आहे, बाई. मला मध्ये घेऊ नका."

सकाळच्या फेरीला दोघं त्याच बसमध्ये चढले. ड्रायव्हरच्या मागे एक वयस्क बाई बसल्या होत्या. पांढरे कॅनव्हासचे बूट, छातीवर उलटं घड्याळ. कंपाउंडर शेजारी टेकले.

"ड्यूटीला उशीर होतोय," त्या म्हणाल्या.

"होतो कधीकधी," कंपाउंडरांनी धीर दिला आणि खिशातली पेपरमिंटची गोळी पुढे केली. पण दवाखाना यायच्या आधीच कंपाउंडरांना गाडी लागली आणि भिंगबाईंना त्यांच्यासोबत उतरावं लागलं.

दुपारी डेपोकडे परतताना तीच बस मिळाली. त्याच सीटवर त्याच बाई.

"बघा, यांचीही ड्यूटी सुटली!" कंपाउंडर खूश झाले.

भिंगबाई खाली वळवलेल्या आरशाकडे बघत होत्या.

डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत ड्रायव्हर पाणी प्यायला. तोंड पुसायला त्याने रुमाल ओढला, तशी शेगडीची बटणं खणखणत फरशीवर पडली. त्याने ती झटकन उचलली. त्याच्या डाव्या बाहीचं बटण तुटलेलं होतं, उजव्या बाहीचं शाबूत.

"सुट्टीच्या दिवशी दुखतं?" भिंगबाईंनी विचारलं.

"नाही."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही. बायको भावाकडे असते."

"भावाकडे नाही," भिंगबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या मागच्या सीटवर असते."

दारातल्या कंडक्टरने मान खाली घातली.

"शेगडीची बटणं खिशात कोण बाळगतो? ज्याच्या घरी कोणीतरी गॅस चालू करून विसरतं, तो. ढोंगी माणसाने ऑफिसातली खुर्ची आनंदाने घेतली असती. तुम्ही हात जोडलेत, कारण ऑफिसात बायकोला शेजारी बसवता येत नाही. आरसा तिच्यासाठीच वाकडा. कामाला जाणारं माणूस उतरतं, कंपाउंडर. दिवसभर त्याच सीटवर फिरत नाही. उलटं घड्याळ नर्स लावतात. दवाखाना आला की, नोकरी संपल्याचं विसरून, ती ड्यूटीला उतरायला उठते. यांचा उजवा हात स्टिअरिंगवर. डाव्या हाताने मागे वळून ते तिला धरतात, ती हिसडा देते. बाहीचं बटण तुटतं, आणि पाठ पिरगळते. रोज, प्रत्येक फेरीला."

"एक्स-रेत कुठून दिसणार हे!" कंपाउंडर पुटपुटले.

ड्रायव्हरने बटणं मुठीत धरली. "आधी घरीच ठेवायचो. कुलूप लावून. खिडकीत उभी राहून ओरडायची, पेशंट वाट बघतायत म्हणून. शेजारी म्हणाले, हे बघवत नाही. मग काय करू?"

"भाऊ खरंच नाही का कोणी?"

"आहे. एकदा ठेवून घेतलं त्याने. दुसऱ्या दिवशी रिक्षाने परत पाठवली."

"गाडीत इतकी माणसं असतात. एखाद्या दिवशी ती चालत्या गाडीत उठेल," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. झोप त्यानेच येत नाही." त्याने वर बघितलं. "तुम्ही हुशार आहात, बाई. तुम्हीच सांगा काहीतरी."

भिंगबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ढोंग म्हटलं तर नोकरी जाणार. दुखणं खरं म्हटलं तर सीट जाणार. कंपाउंडरांनी सवयीने पिशवीतून मलमाची ट्यूब काढली, आणि ती कोणाला द्यावी हे न कळून हातातच धरून ठेवली.

मॅनेजर डोकावले. "लागला छडा?"

"तपास चालू आहे," भिंगबाई म्हणाल्या. उभ्या आयुष्यात त्या पहिल्यांदाच खोटं बोलत होत्या, आणि त्याने कोणाचंच भलं होणार नव्हतं.

बाहेर फेरीची घंटा झाली. ड्रायव्हर पाठीवर हात ठेवून उठला. बसमध्ये त्याची बायको उलटं घड्याळ बघत बसली होती. त्याने चढता चढता आरसा खाली वळवला.

कित्येक वर्षांपूर्वी दवाखान्याच्या स्टॉपवर ती पहिल्यांदा धावत याच मार्गाच्या बसला लोंबकळली, तेव्हा तो अजून कंडक्टर होता, आणि त्याने डाव्या हाताने तिला आत ओढून घेतलं होतं.