पुठ्ठ्यावर डाग नव्हता

"मावशी, स्टिअरिंग परत दगड झालंय. आणि या वेळी मला कळलंय कुणी केलं ते. बाबांनी."

फोनवर धाकटी रडत नव्हती. रडून झाल्यावर माणसाचा आवाज कोरडा पडतो, तसा तिचा पडला होता.

मावशी म्हणजे काही सख्खी मावशी नव्हे. धाकटीच्या आईबरोबर विमा कचेरीत टेबलाला टेबल लावून तिनं सगळी नोकरी काढली. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या आणि दाव्यात कुठे खोट आहे ते शोधायचं, हे तिचं काम. कचेरीत तिला संशयबाई म्हणत. निवृत्त झाली, पण संशय काही सुटला नाही. स्वभावाला औषध नसतं.

ती पोचली तेव्हा इमारतीच्या आवारात ती जुनी डिझेल गाडी उभी होती. कुणाची तरी वापरलेली, थोरल्यानं, म्हणजे धाकटीच्या भावानं, आईसाठी म्हणून घेतलेली. धाकटी बॉनेटला टेकून उभी होती.

"आधी नीट सांग. बाबांवर संशय का?"

"त्यांना आईला पाठवायचंच नाहीये."

गोष्ट सरळ होती आणि वाईट होती. आईला पक्षाघात झाल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. बोलणं गेलं. खाणं नाकातल्या नळीनं, मोठ्या सिरिंजमधून. तिला उचलता उचलता बाबांची पाठ कामातून गेली, आणि धाकटी स्वतःचा संसार टाकून इथे येऊन राहिली. शेवटी थोरल्यानं पुष्कळ खटपट करून एका शुश्रूषागृहात खाट मिळवली. बाबांनी एकच अट घातली. तिला रुग्णवाहिकेतून नाही न्यायचं, भाड्याच्या गाडीतून नाही न्यायचं. आपल्या गाडीतून न्यायचं. म्हणून गाडी आली. आणि दर रविवारी, निघायच्या वेळेला, तिचं स्टिअरिंग जड व्हायला लागलं.

"आज संध्याकाळपर्यंत आलो नाही तर खाट दुसऱ्याला देणार आहेत," धाकटी म्हणाली. "परत मिळायची नाही."

मावशीनं साडीचा पदर खोचला आणि बॉनेट उघडलं.

"गॅरेजवाल्यानं काय काय केलं?"

"पट्टा बदलला. पाइप बदलले. शेवटी पंपसुद्धा बदलला. स्टिअरिंगचं तेल भरलं की गाडी ठीक. रविवारी बघावं तर तेल गायब. म्हणून मी काल खाली पुठ्ठा अंथरून ठेवला."

मावशीनं पुठ्ठा ओढून काढला. कोरा करकरीत. पाइपांवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, तेल नाही. तेलाची डबी रिकामी होती. मात्र तिचं झाकण आजूबाजूच्या धुळीत एकटंच लख्ख पुसलेलं होतं. ते उघडायला मावशीला पदराची पकड करून दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

"तेल खालून गेलं नाही. वरून गेलंय," ती म्हणाली. "कुणीतरी काढलंय."

तिनं आत बसून गाडी सुरू केली. इंजिन खडखडलं, पंप कण्हायला लागला. दुसऱ्याच क्षणी वरच्या खिडकीतून थोरल्याचा आवाज आला, "मावशी, बंद कर! आई दचकली!"

"प्रत्येक वेळी दचकते," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "या गाडीचा आवाज तिला सोसतच नाही."

मावशीनं किल्ली फिरवून गाडी बंद केली. "आज सकाळी बिघाड कुणाच्या लक्षात आला?"

"दादाच्या. मी खिडकीशी आईचे केस विंचरत होते. तिचा डोळा लागला होता, छान शांत झोपली होती. दादा खाली आला, गाडीत बसला, चाक फिरवून बघितलं आणि वर बघून हातानंच नाही म्हणाला. माझं तर डोकंच फिरलं."

"आणि आई?"

"झोपलेली. माझ्या ओरडण्यानं जागी झाली."

तेल उपसायला वापरलेलं काहीतरी गाडीतच लपवलेलं असणार, असा मावशीला संशय आला. तिनं डिकी उघडली आणि जादा चाकाच्या मागे हात घातला. हात बाहेर आला तो रुमालात काहीतरी गुंडाळूनच. धाकटीनं विचारलं, तर म्हणाली, "वर चल, सांगते."

जिन्याच्या वळणावर थोरला भेटला. उंचापुरा गडी, पण डोळे खोल गेलेले.

"किल्ली कुठे असते रे?"

"दाराशी, खिळ्याला. कुणीही घ्यावी."

"गॅरेजमधून गाडी कधी आणली?"

"काल. मीच चालवत आणली. लोण्यासारखी वळत होती. त्यानंतर हलवली नाही." तो आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, बाबांना काही बोलू नकोस. म्हातारा माणूस आहे."

आईच्या खोलीत औषधांचा वास होता. मावशी पलंगाशी बसली आणि मैत्रिणीचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता, पण उलट पकड आली नाही. एके काळी हीच बाई टेबलावर मूठ आपटून साहेबांना गप्प करायची. मावशीला क्षणभर वाटलं, उठावं आणि काही न शोधता घरी जावं.

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी मलमाची बाटली धाकटीपुढे धरली. "एवढं झाकण काढून दे गं. बोटं वळत नाहीत."

धाकटीनं झाकण काढलं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"गाडीचं तेल कुणीतरी काढतंय," मावशी म्हणाली. "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच काढलं," बाबा म्हणाले.

"कसं काढलं?"

"सिरिंजनं. हिच्याच. खाली गेलो, झाकण उघडलं, ओढून घेतलं. आता मला काय शिक्षा करायची ती करा."

"बघ!" धाकटी फुटलीच. "सांगत नव्हते मी? मी इथे मर मर मरतेय, आणि बाबा, तुम्ही..."

"थांब," मावशी म्हणाली. "तुझे बाबा खोटं बोलताहेत."

तिनं रुमाल उलगडला. आत एक मोठी सिरिंज होती. आतला रबर फुगून दट्ट्या घट्ट अडकून बसला होता, आणि काचेसारख्या नळीला आतून लालसर तेल चिकटलं होतं.

"तेलानं रबर फुगतं. म्हणून दर खेपेला नवी लागायची. एकदा तेलात बुडाली की ती आईसाठी परत वापरायची नाही, एवढी काळजी मात्र घेतली होती. आता बाबांचं बघ. मलमाचं झाकण ज्यांना उघडत नाही, त्यांच्याच्यानं ते खालचं झाकण कसं उघडेल? मला दोन्ही हात लावावे लागले. पण सिरिंज मी आत्ता दाखवली, आणि त्यांनी तिचं नाव आधीच घेतलं. म्हणजे काढणाऱ्याला त्यांनी पाहिलंय. आणि बाप कुणाला वाचवायला खोटं बोलतो?"

मावशीनं सिरिंज परत रुमालावर ठेवली.

"तुला वाचवायला नक्कीच नाही," मावशी धाकटीला म्हणाली. "तू स्वतः पुठ्ठा अंथरलास, मला बोलावलंस. राहिला एक जण. थोरल्या, आज सकाळी तू चाक फिरवलंस आणि जड आहे म्हणालास. पण गाडी सुरू केलीच नव्हतीस. केली असतीस तर आई दचकून उठली असती. ती शांत झोपली होती."

थोरला भिंतीला टेकला.

"अरे, या जातीच्या गाडीचं इंजिन बंद असलं की स्टिअरिंग जडच लागतं. नव्या कोऱ्या गाडीचंसुद्धा. जडपणा खरा की खोटा, ते सुरू केल्याशिवाय कळत नाही. तुला सुरू करायची गरजच नव्हती. तेल नाहीये, हे तुला माहीत होतं."

"पण दादाच तर मागे लागला होता!" धाकटी म्हणाली. "खाट त्यानं मिळवली. गाडी त्यानं आणली."

"हो, मीच," थोरला म्हणाला. "आठवडाभर मी स्वतःला समजावतो, की तिचं भलं त्यातच आहे. मग शनिवारी तिला भरवायला बसतो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. मला नाही जमत, मावशी. आणि नको म्हणायलाही तोंड नाही, कारण बाबांची पाठ मोडली ती मी पाहिलीय."

"मी खिडकीतून बघत होतो त्याला," बाबा हळूच म्हणाले. "हाक मारायला हवी होती. नाही मारली. म्हटलं, अजून एक आठवडा मिळतोय."

धाकटी दोघांकडे पाहत राहिली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं.

"आणि मी?" ती म्हणाली. "मला वाटलं, तिला घालवायची घाई या घरात फक्त मला आहे. रोज तिला अंघोळ घालताना मी स्वतःला शिव्या देत होते, दादा. मला एकदा सांगायचं तरी. आपण तिघं मिळून रडलो असतो."

थोरल्यानं तिला जवळ घेतलं. मग ती तशीच रडली, हुंदके आवरायची खटपट न करता, आणि बाबा खुर्चीतून पटकन उठता येत नाही म्हणून तिथूनच तिचा पदर धरून बसले.

मावशीला गुन्हेगार सापडले की बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. बाबांच्यानं आता उशीसुद्धा उचलवत नव्हती.

"तेलाचा डबा आहे माझ्याकडे," शेवटी थोरला म्हणाला.

तो खाली गेला आणि त्यानं डबी काठोकाठ भरली. मग भावाबहिणीनं आईला खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं. मावशीनं तिच्या अंगावरची शाल नीट केली आणि कानाशी तोंड नेऊन कचेरीतल्या त्या साहेबांची आठवण सांगितली. आईनं ऐकलं की नाही, कळलं नाही. बाबा मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी बायकोचं डोकं मांडीवर घेतलं. धाकटी पुढे बसली.

गाडी आवारात वळली. चाक आता एका बोटानं फिरत होतं.

"बाळा," बाबा मागून म्हणाले, "लांबच्या रस्त्यानं घे."

फाटकापाशी जवळचा रस्ता उजवीकडे जात होता. थोरल्यानं चाक डावीकडे वळवलं.