राणी नसलेल्या नोटा

"एवढी लांब शेपूट? पतंग उडायचाच नाही!" ओरिन म्हणाला.

"हो का! टोरांटोत बर्फावर उडवतोस वाटतं?" टेव्हिनने चिडवलं. "कालच उतरलाय विमानातून आणि ग्रेनेडातल्या पोरांना ईस्टरचा पतंग शिकवतोय!"

"दोघंही गप्प बसा, खळ वाळतेय," किझाया म्हणाली. ती बारा वर्षांची. टेव्हिन तिचा धाकटा भाऊ आणि ओरिन मावसभाऊ. बंदराजवळच्या बाजारात टँटी व्हर्नाच्या दुकानामागे तिघांचा कारखाना चालला होता. टँटी त्यांच्या आयांची आत्या. जायफळाच्या माळा, दालचिनी आणि ओली हळद ती विकायची. दिवसभर हळद किसून तिची बोटं नखांपर्यंत पिवळी झालेली असायची.

तेवढ्यात समोर कुणीतरी फळीवर हात आपटला.

"मिस व्हर्ना, बिल्ला काढा!"

मुलं धावत पुढे आली. बाजाराचे अधिकारी मिस्टर क्लाउडेन उभे होते. शेजारी जहाजावरची एक पाहुणी, उन्हाने आणि रागाने लालबुंद.

टँटीने किसणी शांतपणे खाली ठेवली. "गुड मॉर्निंग, मिस्टर क्लाउडेन."

"गुड मॉर्निंग राहू द्या! हे काय आहे?" त्यांनी दोन जांभळ्या नोटा नाचवल्या. "तुम्ही बाईंना सुटे म्हणून त्रिनिदादच्या नोटा दिल्यात. आपल्या वीसच्या निम्मीही किंमत नाही यांना!"

किझायाने मान पुढे केली. रंग अगदी आपल्या वीसच्या नोटेचा. पण त्यावर असतो तो इंग्लंडच्या राणीचा चेहराच नाही!

"कॅफेवाल्याने माझ्या अंगावर फेकल्या!" पाहुणी म्हणाली. "लाज वाटली मला! सुटे मला हिनेच दिले होते."

"मी दिले ते आपल्याकडचे दिले," टँटी म्हणाली. "तिकडची नोट मी घेतच नाही, तर देईन कुठून?"

"आठवड्यातली ही तिसरी तक्रार," मिस्टर क्लाउडेन म्हणाले. "संध्याकाळी जहाज सुटायच्या आत मी बंदरावर लेखी कळवणार. मग या हंगामात तुमचं दुकान बंद!"

आणि भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी टँटीच्या गळ्यातला परवान्याचा बिल्ला काढून घेतला!

ज्या बाईने अख्ख्या बाजाराला मापात राहायला शिकवलं, तिच्याच गळ्याला हात! किझायाच्या कानशिलांत कढत पाणी ओतल्यासारखं झालं.

"मॅडम, इथले पैसे तुम्ही कुठे बदलून घेतले?" तिने विचारलं.

"फाटकाजवळच्या त्या गृहस्थाकडे. फार सभ्य माणूस. बँकेपेक्षा जास्त देतो."

"मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही!" मिस्टर क्लाउडेन गरजले आणि पाहुणीला घेऊन निघून गेले.

"मध्ये नाही तर कुठे बोलायचं? छपरावर चढून?" टेव्हिन पुटपुटला.

किझाया मात्र विचारात पडली होती. फाटकाजवळ टेबल मांडून बसणाऱ्या त्या माणसाला सगळे 'बँकर' म्हणायचे. रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणायचे. पण त्याच्याकडे पैसे बदलायला इथलं कोण जाणार? आपले पैसे आपल्याकडे असतातच!

"म्हणजे तो काय देतो ते आपल्यापैकी कुणी पाहिलेलंच नाही!" ती ओरडली. "ओरिन, वाढदिवसाचे अमेरिकन वीस डॉलर आहेत ना तुझ्याकडे?"

"माझे बूट घ्यायचेत त्यातून!"

"टँटीचं दुकान जातंय आणि तुला बूट सुचतायत?"

ओरिनने सुस्कारा सोडला, टोपी सरळ केली आणि कॅमेरा गळ्यात अडकवला. चालही बदलली. जहाजावरून आत्ताच उतरल्यासारखी!

बँकर गोड हसला. "ये बाळा! वीसचे बँक देते चोपन्न. तुला पंचावन्न देतो!" वर एक निळी दहाची, एक हिरवी पाचची, खाली दोन घडी घातलेल्या जांभळ्या. भराभर मोजून त्याने पैसे ओरिनच्या मुठीत कोंबले.

कोपऱ्यावर येताच तिघांनी घडी उलगडली.

"राणी गायब!" टेव्हिन म्हणाला. "दोन्हींवर!"

ते तडक मिस्टर क्लाउडेनच्या कचेरीत घुसले. पाहुणी तिथेच तक्रार लिहीत होती. साहेबांनी बँकरला बोलावलं. तो आला, बॅग काखेत घट्ट धरून, आणि कपाळाला हात लावून हसायला लागला.

"साहेब, ही तर व्हर्नाचीच पोरं! घरातल्या नोटा आणून माझ्या माथी मारतायत. आजी तशी नातवंडं!"

"मलाही तेच वाटतं," मिस्टर क्लाउडेन म्हणाले. "चला, बाहेर व्हा!"

टेव्हिनच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरिनने मुठी वळल्या. किझाया मात्र साहेबांच्या टेबलावरच्या जांभळ्या नोटांकडे बघत होती. किती स्वच्छ! टँटीच्या हातातून गेलेली वस्तू इतकी स्वच्छ?

"टेव्हिन! पळ, टँटीकडचा निळा साबण आण. ओला रुमालही."

"धुणं धुवायचंय का आता?" साहेब खेकसले.

"सर, टँटीच्या एप्रनला साबण लावला की पिवळे डाग लाल होतात. दर शनिवारी मीच धुते. हळद साबणापासून लपत नाही. टँटीच्या हातची नोट मी डोळे मिटून ओळखून दाखवते. चुकले तर आम्ही तिघं अख्खा बाजार झाडू!"

"अख्खा?" ओरिन कुजबुजला.

दारात गर्दी जमली होती. सरबतवाली मिस फायलो पुढे आली. "घ्या माझ्या नोटा, साहेब. एक सकाळी व्हर्नाने दिलीय, एक बँकेतून आणलीय. कोणती कुठली ते तुमच्याच कानात सांगते."

किझाया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मिस फायलोचं सांगून झाल्यावर तिने साबण लावलेला रुमाल एका नोटेवर घासला. पांढराच राहिला. दुसरा कोपरा दुसऱ्या नोटेवर घासला. रुमालावर तांबडा डाग उमटला!

"ही टँटीची."

"बरोबर आहे," मिस्टर क्लाउडेन अनिच्छेने म्हणाले.

"मॅडम, तुमच्या पर्समधल्या बाकीच्या नोटा द्याल?"

पाहुणीच्या पाचच्या दोन नोटा घासल्या. लाल! पुन्हा लाल! मग तक्रारीतल्या दोन जांभळ्या. पांढरं. पांढरंच!

"सुटे तुम्हाला टँटीने दिले, ते हे," किझाया म्हणाली. "जांभळ्या नोटा तिच्या हातात कधी गेल्याच नाहीत."

पाहुणी सावकाश बँकरकडे वळली. "मला विसाच्या नोटा फक्त यानेच दिल्या होत्या. आत्ता आठवतंय."

बँकर दाराकडे सरकला, मग पळालाच. पण बॅग जागच्या जागी राहिली आणि तो आडवा झाला! साबणाबरोबर आणलेला पतंगाचा दोरा टेव्हिनने गुपचूप बॅगेच्या लोंबत्या पट्ट्याला बांधला होता, आणि त्याचं दुसरं टोक साहेबांच्या जड टेबलाला.

"शेपूट लांबच बरी असते," टेव्हिन ओरिनला म्हणाला.

बॅग उघडली. आत जांभळ्या नोटांचे गठ्ठे. एकीवरही राणी नाही!

पोलिसांनी बँकरला नेलं. ओरिनला त्याचे वीस डॉलर परत मिळाले. मिस्टर क्लाउडेननी घाम पुसला आणि खण उघडला. "हा घे मिस व्हर्नाचा बिल्ला. नेऊन दे तिला. झालं गेलं..."

किझायाने हात मागे घेतले.

"नाही सर. काढलात सगळ्यांसमोर. घालायचाही सगळ्यांसमोर."

मिस फायलो म्हणाली, "पोरगी खरं बोलतेय." दारातली गर्दीही म्हणाली, "खरं आहे!"

मिस्टर क्लाउडेन बिल्ला घेऊन बाजारातून चालत गेले. टँटी मान खाली घालून हळद किसत होती. ते समोर उभे राहिले. तिने वर पाहिलं नाही. त्यांनी घसा खाकरला.

"गुड आफ्टरनून, मिस व्हर्ना."

टँटीने मान वर केली. "गुड आफ्टरनून, मिस्टर क्लाउडेन. आता बोला."

"चूक माझी होती. तुम्हाला न विचारताच मी ठरवून मोकळा झालो." त्यांनी वाकून बिल्ला तिच्या गळ्यात घातला. बाजाराने टाळ्या वाजवल्या. पाहुणीने टँटीची माफी मागितली. "तुमची पोरं हुशार आहेत, मिस व्हर्ना," साहेब म्हणाले. "आमच्यासारख्यांपेक्षा जास्त."

"हुशार नंतर," टँटी म्हणाली. "आधी ती माझ्या बाजूने उभी राहिली." आणि तिने पिवळ्याधमक हातांनी किझायाचे दोन्ही गाल धरले.

किझायाने मागच्या नळावर जाऊन साबणाने तोंड धुतलं आणि परत आली. ओरिन आणि टेव्हिन तिच्याकडे बघून पोट धरून हसायला लागले.

"अगं, लाजतेस काय एवढी!" ओरिन म्हणाला.