मिस्टर पर्विस यांच्या बोटीसाठी प्रार्थना

"पंख्यावर कोळ्याचं जाळं आहे!" कोल्ट मिस्टर पर्विस यांच्या बोटीखालून ओरडला. "अख्खं! कोळ्यासकट!"

"हळू बोल रे गाढवा!" रेलिनने धाकट्या भावाची तंगडी धरून त्याला बाहेर ओढलं.

कुणा हॅकरने पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपलाइन कंपनीच्या कॉम्प्युटरांना कुलूप ठोकलं आणि अमेरिकेत, जॉर्जियातल्या पंपांवर पेट्रोलचा ठणठणाट झाला. स्कूलबसना डिझेल नाही, म्हणून शाळेला सुट्टी! कोल्टने त्या हॅकरला आभाराचं पत्रसुद्धा लिहिलं होतं. पण मंगळवारी मीमॉचं, म्हणजे त्यांच्या आजीचं, डायलिसिस चुकलं, आणि त्याने ते पत्र फाडून टाकलं.

डायलिसिसचं केंद्र चाळीस मैलांवर. आईची गाडी रविवारपासून कोरडी. मीमॉला न्यायची ती चर्चची व्हॅन, आणि ती चालवायचे चर्चचे कारभारी मिस्टर पर्विस. मंगळवारी ते दारात आले, मीमॉसमोर टोपी छातीशी धरली आणि म्हणाले, "मिस इडा, व्हॅनमध्ये थेंब नाही हो. पण मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." मग आपल्या गाडीला बोट जोडून ते निघून गेले.

आज बुधवार. मीमॉच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि बराच वेळ तसाच राहत होता. उद्याची खेपही चुकली तर काय, हे डॉक्टरांनी आईला फोनवर सांगितलं होतं. आईने ते मुलांना सांगितलं नव्हतं, म्हणजे मुलांना ते कळलंच होतं.

"रोज सकाळी बोट जाते, तासाभरात परत येते," रेलिन म्हणाली. "मासा एक नाही!"

"माझा काका मासे धरून आला की कुत्रीसुद्धा नाक मुरडतात," तिचा मित्र टायरीक बोट हुंगत म्हणाला. "हिला वास येतोय पेट्रोलचा."

कोल्ट टुणकन बोटीत चढला. "टाकीचा काटा बघा! फुल! पन्नास गॅलन!"

"पंपावर सकाळी थोडंसं येतं, तेही एका वाहनाला दहाच गॅलन देतात," टायरीक म्हणाला.

"बोटही वाहनच की! गाडीचे दहा, बोटीचे दहा!" रेलिन म्हणाली.

"चला, त्यांना तोंडावर सांगू, तुम्ही खोटारडे आहात!" कोल्टने बोटीतून उडी मारली.

"सांग ना. मग शिक्षा म्हणून आईकडून साबणाने तोंड धुऊन घे," रेलिन म्हणाली. मोठ्यांना खोटारडं म्हणायची गावात पद्धत नव्हती. "पण प्रार्थना कुणासाठीही मागता येते!"

चर्चच्या बुधवारच्या सभेत ज्याला प्रार्थना हवी त्याने उभं राहून मागायची, बाकीच्यांनी डोळे मिटून माना खाली घालायच्या, आणि मधे बोलायचं नाही. गावातली प्रत्येक बातमी याच मार्गाने पसरायची. त्या संध्याकाळी मिसेस टल यांनी सुनेसाठी प्रार्थना मागितली, आणि ओघाने तिचा ओटा किती कळकट असतो तेही देवाला सांगितलं.

मग रेलिन उभी राहिली.

"मला मिस्टर पर्विस यांच्या बोटीसाठी प्रार्थना हवी आहे."

कुठेतरी कुणीतरी खोकलं.

"बिचारी रोज निघते, पण तळ्यापर्यंत पोचतच नाही. तिच्या पंख्यावर कोळ्याने घर केलंय. पोटात पन्नास गॅलन पेट्रोल आहे, तरी तिची तहान भागत नाही. देवा, माझ्या मीमॉला उद्या डायलिसिसला जायचंय. तेवढं पेट्रोल त्या बोटीकडून मिळवून दे."

"आमेन!" कोल्ट एवढ्या जोरात ओरडला की पास्टरनाही ते म्हणावंच लागलं.

"आणखी कुणाच्या बोटीसाठी हवी असेल तर हात वर करा," टायरीक गंभीरपणे म्हणाला. "डोळे मिटलेलेच आहेत."

हात एकही वर झाला नाही. चार-पाच माना मात्र आणखी खाली गेल्या.

मिस्टर पर्विस उठले. "ते पेट्रोल मी चर्चसाठीच राखून ठेवलं होतं," ते म्हणाले. "योग्य वेळेची वाट पाहत होतो."

मंगळवार ही योग्य वेळ का नव्हती, हे कुणी विचारलं नाही. तशीही पद्धत नव्हती. बाहेर नळी लावून बोटीतलं पेट्रोल व्हॅनमध्ये भरलं गेलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर पर्विस यांच्यासाठी.

गुरुवारी सकाळी मीमॉ आपल्या खुर्चीत पोचली. नळ्या लागल्या, यंत्र घुरघुरू लागलं. मुलं तिच्या पायांशी उभी राहिली.

"अशा दिवसांत चाळीस मैल घेऊन आलात!" नर्स मिस्टर पर्विसना म्हणाली.

"छे छे, श्रेय या मुलांचं," त्यांनी रेलिनच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणी लेकरं! यांनीच मला आठवण करून दिली."

"थँक्यू म्हण गं," मीमॉ पुटपुटली.

"थँक्यू, सर," रेलिन म्हणाली. मग तिचं लक्ष शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं. "मिस्टर ओडेल आले नाहीत?"

नर्सने आवाज खाली आणला. "ते काल वारले गं. मंगळवारी यायचे होते. त्यांच्या गावात कुणाकडेच पेट्रोल नव्हतं म्हणे."

मीमॉने डोळे मिटून घेतले. कोल्टने तिचा अंगठा घट्ट धरला.

"दमलो बुवा," मिस्टर पर्विस म्हणाले, आणि मिस्टर ओडेल यांच्या खुर्चीत बसले.

"बसा, बसा!" नर्स म्हणाली. "तुमच्यासारखी माणसं हल्ली मिळतात कुठे?" आणि तिने त्यांना गरम कॉफी आणून दिली.